मिंध्या टाळ्या

शहरातला वाद्यवृंद साहेबांच्या देणगीवर चालायचा. सभागृहाची डागडुजी, वादकांचे पगार, नवी व्हायोलिन, सगळं तेच बघायचे. अट एकच होती: माझे पैसे घेणाऱ्यांनी माझं संगीत वाजवायचं नाही. "मला मिंध्या टाळ्या नकोत," ते म्हणायचे. त्यामुळे त्यांनी जन्मभर लिहिलेल्या सिंफनी छापील नोटेशनच्या रूपात वाद्यवृंदाच्या कपाटात पडून होत्या. घरच्या पियानोवर त्या ऐकल्या होत्या फक्त बायकोने.

ते अंथरुणाला खिळले, तेव्हा संचालक भेटायला आला. म्हणाला, "साहेब, यंदापासून आम्हाला तुमची देणगी नको. सगळ्या वादकांनी मिळून ठरवलंय."

बायको उसळली. "इतकी वर्षं यांच्या जिवावर वाजवलंत, आणि आता माणूस पडल्यावर तोंड फिरवता? पगार कुठून देणार आहात?"

"अर्धेच देता येतील, वहिनी. माहीत आहे सगळ्यांना."

ते उशीला रेलून उठायची धडपड करू लागले.

"अगं, त्याच्यावर काय ओरडतेस!" ते म्हणाले. "विचार ना, माझी कुठली सिंफनी वाजवणार आहेत?"