फुफू आणि फ्रेंच

अनोळखी माणसाने खुर्ची ओढली, हात धुतला आणि सरळ वडीलधाऱ्या ओपान्यिन अंतवींच्या वाडग्यात घातला.

अंतवींचा घास घशातच थांबला. तसं बोलावलं त्यांनीच होतं. कुटलेल्या कंदाच्या फुफूचा गोळा आणि शेंगदाण्याचं सूप समोर आल्यावर, गावच्या रीतीप्रमाणे आख्ख्या खानावळीकडे हात हलवून ते म्हणाले होते, "या जेवायला!" खानावळीनेही रीत पाळली. "आमचा हात आहेच त्यात," असं पुटपुटून जो तो आपापल्या वाडग्याकडे वळला. असं बोलावल्यावर कुणी यायचं नसतं. आशांती मुलखात हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मग हा कोण?

एका हाकेत वाडग्यात हात घालणारा माणूस जगात एकच, सख्खा भाऊ क्वाबेना. अंतवींनी समोरच्याला न्याहाळलं. टक्कल, ढेरी. क्वाबेनाला दोन्ही नव्हतं. पण आईच्या मयतीनंतर दोघा भावांनी एकमेकांकडे पाठ फिरवली त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत टक्कल कुणालाही पडतं. शिवाय आज कुमासीत, याच खानावळीत ये, असा निरोप भाच्याकरवी त्यांनीच धाडला होता. येईल की नाही, या काळजीने मोटारीत त्यांचा डोळा लागला नव्हता. आईची लेकरं दोनच.

माणसाने सुपातला मटणाचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला. अंतवींची शंका फिटली.

"आजोबा, आणखी एक वाडगा आणू?" वाढणारी बाई म्हणाली. "पाहुण्यांना बरीच भूक दिसते."

"आण, आण!" तिला वाटेला लावून अंतवी पुढे झुकले. "क्वाबेना, ऐक. आईच्या मयतीच्या पोस्टरवर, मुलांच्या रांगेत, तुझा फोटो नव्हता ना, तो मीच वगळायला लावला. छापखान्याची चूक म्हणून खपवलं. शवपेटी तू आणलीस, तंबू तू उभे केलेस, आणि पोस्टरवर मी एकटा, चष्मा लावून. चष्मासुद्धा तुझाच. चुकलं माझं. घरी चल."

माणसाने बोटं चाटली आणि मान डोलावली.

"नुसती मान काय हलवतोस, गाढवा? बोल काहीतरी!"

माणूस बावरला. मग हात जोडून बराच वेळ, अगदी अदबीने बोलला. फ्रेंचमध्ये.

अंतवी चक्रावले. रुसलेला माणूस बोलणं सोडतो. भाषा बदललेला त्यांनी पाहिला नव्हता.

तेवढ्यात पाठीमागच्या टेबलावरून आवाज आला.

"दादा, तो परमुलखातला आहे. त्याला तुझं एक अक्षर कळलेलं नाही. मला कळलं."