बारावं कबुतर

चौकात सलोख्याच्या पुतळ्याचं अनावरण होतं. समितीला बारा पांढरी कबुतरं हवी होती, म्हणून कबुतरं पाळणाऱ्या नझीरने अंड्यांवर बसलेली मादीसुद्धा उडवायला दिली. अकरा परत आली. मादी मात्र रस्त्यापलीकडच्या वस्तीतल्या वहीब कबुतरवाल्याच्या गच्चीवर उतरली. लेबनॉनमधल्या या त्रिपोलीच्या कबुतरवाल्यांत वैर असलं, की दुसऱ्याच्या गच्चीवर उतरलेलं पाखरू परत मिळत नाही. आणि रस्त्याच्या दोन बाजूंच्या या वस्त्यांत तर सात वर्षं गोळ्या चालल्या होत्या.

संध्याकाळी दार वाजलं. दारात वहीब, त्याच्या हातात ती मादी. पकडलेलं पाखरू उडून जाऊ नये म्हणून कापतात, तसे तिचे पंख कापलेले नव्हते.

नझीर म्हणाला, "पुतळा बघून उपरती झाली वाटतं?"

"पुतळा गेला खड्ड्यात. ही सकाळपासून दाण्याला चोच लावेना, तेव्हाच कळलं, अंड्यांवरची आहे. नर बिचारा एकटाच अंडी उबवत बसला असेल दिवसभर. अंडी गार पडायच्या आत वर ने हिला."