अकरा वेढे

मोठी जलवाहिनी फुटल्याचा फोन आला आणि पाणीपुरवठ्याच्या कचेरीतल्या सगळ्या माना काकांकडे वळल्या.

"प्रसूतिगृहाच्या तळघरात पाणी शिरतंय!" साहेब ओरडले. "काका, व्हॉल्व्ह कुठला बंद करायचा?"

काका म्हणजे कचेरीचा चालताबोलता नकाशा. चौतीस वर्षं शहराखालचा नळ न् नळ त्यांना तोंडपाठ. त्यांनी तोंड उघडलं. हात हवेत फिरवला. "तो... तिथेच की... आपला तो..." शब्द काही येईना. कपाळावर घाम आला.

दप्तर सांभाळणाऱ्या ताईने संगणक पुढे ओढला.

सहा महिन्यांपूर्वी ती रुजू झाली, तेव्हा संगणकात नऊ हजार नकाशे होते आणि त्यांची नावं होती 'नकाशा', 'नवा नकाशा', 'नवा नकाशा शेवटचा'. तिने प्रत्येकाखाली माहितीचे रकाने करून दिले. रस्ता कोणता, साल कोणतं, काम कसलं, शोधायला खुणेचे शब्द कोणते. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि रकाने कोरे ठेवले. एकट्या काकांनी मनावर घेतलं. रोज जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारी बसून, एका बोटाने टाइप करत, ते एकेक नकाशा भरत गेले. भरत कसले, गोष्टीच लिहीत सुटले. साहेब वैतागायचे, "हे दप्तर आहे की कादंबरी?"

तिने एकदा हसत विचारलं होतं, "काका, तुम्हाला तर सगळं पाठ आहे. मग एवढा खटाटोप कशाला?"

"पाठ आहे तोवर लिहून ठेवतो, पोरी."

तिला वाटलं, निवृत्ती जवळ आली म्हणून बोलताहेत.

आता तिने 'प्रसूतिगृह' असा शब्द टाकला. एकच नकाशा वर आला. नाव नुसतं 'दुरुस्ती'. नकाशात प्रसूतिगृहाचा पत्ताच नव्हता, मोकळं मैदान दाखवलेलं. साहेबांनी कपाळावर हात मारला. ताई खालचा रकाना फोनवर मोठ्याने वाचू लागली.

"प्रसूतिगृह या नकाशानंतर झालं, त्यामुळे दिसणार नाही. व्हॉल्व्ह समोरच्या शिंप्याच्या पायरीखाली, लोखंडी झाकणात. उलटा फिरतो. अकरा वेढे. जोर लावू नका, दांडा जुना आहे."

पलीकडून धावपळ ऐकू आली. कोणीतरी पायरी हलवली. कोणीतरी मोठमोठ्याने वेढे मोजू लागलं. अकराव्या वेढ्याला फोनवरचा माणूस एवढंच म्हणाला, "थांबलं!"

बावीस बाळंतिणींपैकी एकीलाही खाटेवरून हलवावं लागलं नाही. साहेब खुर्चीत कोसळल्यासारखे बसले. जो तो ताईची पाठ थोपटू लागला. ती संकोचून म्हणत राहिली, "माझं काही नाही हो यात."

गर्दी पांगल्यावर काका हळूच तिच्या टेबलाशी आले. चष्मा पुसला. पडद्यावरचा मजकूर सावकाश, बोट फिरवत वाचला. पुन्हा एकदा वाचला. चेहरा कौतुकाने उजळला.

"पोरी, हे कोणी लिहिलंय गं?" त्यांनी विचारलं. "माणूस कामाचा पक्का दिसतो. एकदा गाठ घालून दे."