सातवं गाणं

सहावं गाणं संपलं आणि भाऊराव खुर्चीच्या कडेला सरकले. आता लीलाबाईंचं गाणं होतं.

"बाबा, सातव्यात आईचा आवाज घेतलाय," हितेशनं सकाळी बूट घालता घालता सांगितलं होतं. "नाव नाही टाकलं कुठे. टेन्शन नका घेऊ यार."

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या त्या लहानशा हॉलमध्ये दीडेकशे तरुण पोरं-पोरी जमल्या होत्या. हितेशच्या बँडचा नवा अल्बम आज पहिल्यांदाच लोकांना ऐकवला जात होता. स्टेजवर वाजवणारं कोणी नव्हतं. नुसते स्पीकर, आणि कोपऱ्यात खाली मान घालून बसलेला बँड. शेवटच्या रांगेत भाऊराव आणि लीलाबाई बसले होते, आणि त्यांच्या अगदी पुढच्या खुर्चीत खन्नाजी. हे मयूर विहारच्या सोसायटीतले त्यांचे वरच्या मजल्यावरचे शेजारी. त्यांचा अंकुर बँडमध्ये ड्रम वाजवायचा.

खन्नाजींसाठी आणि अख्ख्या सोसायटीसाठी भाऊराव म्हणजे 'राव साहब'. दारावरच्या पाटीवर 'बी. राव' एवढंच होतं. भाऊराव गजभिये, राहणार उमरेड, जिल्हा नागपूर, हे पूर्ण नाव दिल्लीतल्या पहिल्या घरमालकानं ऐकलं होतं. नावाचा अर्थ त्यानं कुणाकडून तरी काढून घेतला आणि चौथ्या दिवशी खोली सोडायला लावली. दुधानं तोंड पोळल्यावर भाऊराव ताकही फुंकून प्यायला लागले. सोसायटीनं त्यांना परस्पर आंध्रचं करून टाकलं, यांनी करू दिलं. शेजारणी सांबाराची कृती विचारू लागल्या, तेव्हा लीलाबाई बिचाऱ्या सांबार करायला शिकल्या.

पण गाणं कसं सोडायचं? लीलाबाईंचे वडील गावोगाव भीमगीतं गात हिंडायचे. पेटीवर ते आणि शेजारी ही दहा वर्षांची पोर. दिल्लीत आल्यावर भाऊरावांनी बायकोकडे एकच गोष्ट मागितली होती. "इथं नको, लीला. एका ओळीत सगळं कळतं लोकांना." तिनं वाद घातला नाही. रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरातला, हवा बाहेर फेकणारा भिंतीतला मोठा पंखा लावायची आणि त्याच्या घरघरीत आपलं गाऊन घ्यायची. भाऊराव बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचे. त्यांना फक्त पंखा ऐकू यायचा. निदान ते तसं समजत होते.

स्पीकरमधून आधी तीच घरघर आली. पोरानं आपला फोन ओट्यावर ठेवून गुपचूप रेकॉर्ड केली होती. तिच्याखालून गिटार आली, ड्रम आले, सगळं चढत चढत छतापर्यंत गेलं आणि एकदम थांबलं. पंखाही थांबला; पोरानं तो गाळून टाकला होता. मागे उरला नुसता आवाज.

"माझ्या बाळाच्या हाती गं, भीमानं दिली लेखणी..."

भाऊराव थिजले. हा आवाज त्यांच्या घरात होता? सव्वीस वर्षं? तो खोल होता, कणखर होता आणि कुणाचीही परवानगी न मागता चढत होता. भिंती थरथरत होत्या. भाऊरावांच्या अंगावर सरसरून काटा आला. आपण बायकोला कधी ऐकलंच नाही, हे त्यांना त्या परक्या खुर्चीत बसून कळलं.

ओळीतलं दुसरं काही कळो न कळो, 'भीम' हा शब्द तर साऱ्या दिल्लीला कळतो. आता कोणीतरी हसणार, कोणीतरी शेजारच्याच्या कानाला लागणार, म्हणून त्यांनी चोरट्या नजरेनं हॉलभर पाहिलं. कोणी हसलं नाही. वर धरलेले फोन एकेक करून खाली आले. चिप्स खाणारा एक मुलगा हात पाकिटात तसाच ठेवून बसला होता. पुढच्या रांगेतली एक मुलगी केव्हाच उभी राहिली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. तिचं बघून आणखी काहीजण उठले. खन्नाजींची पाठ मात्र हलत नव्हती.

गाणं संपलं. लीलाबाईंच्या शेजारची मुलगी डोळे पुसत त्यांच्याकडे वळली. "आंटी, ये किसकी आवाज़ है? मैंने ऐसा कुछ कभी सुना ही नहीं."

लीलाबाईंनी पदर सारखा केला. "पता नहीं, बेटा," त्या म्हणाल्या.

त्या अडखळल्या नाहीत की त्यांचा चेहराही बदलला नाही. नवऱ्याला सांभाळून घ्यायची इतक्या वर्षांची सवय होती ती. अख्खा हॉल ज्या आवाजानं भारला होता, तो आवाज माझा नाही, असं ती बाई सहज सांगून मोकळी झाली होती. भाऊरावांना स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ते उठले. त्यांनी पुढची खुर्ची धरली.

"इनकी आवाज़ है," ते मोठ्यानं म्हणाले. "मेरी पत्नी, लीलाबाई गजभिये. और मैं राव नहीं हूँ. मेरा नाम भाऊराव गजभिये है."

सगळा हॉल मागे वळला. कोपऱ्यातल्या हितेशनं मान वर केली. भाऊराव मात्र फक्त खन्नाजींकडे पाहत होते. एका जिन्यानं चढणं-उतरणं होतं, सणासुदीला ताटं वरखाली जात होती, दोघांची पोरं एकत्र वाढली होती. आता काय ते या माणसाच्या चेहऱ्यावर दिसणार होतं. खन्नाजी सावकाश उठले आणि वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी आधी लीलाबाईंना हात जोडले.

"गजभिये साहब," ते म्हणाले, "हमारी माताजी जब तक ज़िंदा थीं, भाभीजी के गाने के वक़्त हमारे घर में टीवी बंद रहता था."