पुलावरचा सलाम

पुलाच्या अलीकडे दीपालीने डावा हात मोकळा केला. समोरच्या वळणावरून कय्यूमभाऊंची काळी मोटारसायकल आली, मागे टोस्ट-खारीचा पत्र्याचा पेटारा खडखडत होता. दीपालीने हात कपाळाला लावून सलाम केला. कय्यूमभाऊंनी मूठ वर करून जोहार केला. गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या. सगळं मिळून तीन सेकंद.

आलापल्ली-एटापल्लीच्या या जंगलरस्त्यावर दुचाकीवाला दुचाकीवाल्याला हात केल्याशिवाय पुढे जात नाही. पंक्चर झालं किंवा अस्वल आडवं आलं, तर मदतीला येणार तोच. खनिजाचे ट्रक काही थांबत नाहीत. पण आदिवासीने सलाम करायचा आणि मुसलमानाने जोहार, हा उलटा रिवाज फक्त दोघांचा. एकोणीस वर्षांपूर्वी डाकसेवक कोलू मडावीने थट्टेत पाववाल्या कय्यूमला सलाम ठोकला. मेंदीने रंगवलेली लाल दाढी जराही न हलवता कय्यूमने जोहार परत केला. तेव्हापासून तेच ठरून गेलं.

थांबायचं वर्षातून एकदाच, ईदच्या आधी. कोलू शीरखुर्म्यासाठी चारोळीची पुरचुंडी द्यायचा, कय्यूम खारीचा पुडा. दोघं पुलाच्या कठड्यावर बसून आपापली दुखणी सांगायचे आणि निघून जायचे. कोण कुठल्या गल्लीत राहतो, हे दोघांनी कधी विचारलं नाही. मैत्रीला पत्ता लागतोच असं नाही, असं डाकवाला असूनही कोलू म्हणायचा.

मागच्या आषाढात कोलू आजारी पडला आणि टपालाची थैली त्याच्या बदली त्याची मुलगी दीपाली न्यायला लागली. बापाची गाडी, बापाचं हेल्मेट, बापाचं खाकी जाकीट. धुळीसाठी तोंडाला ओढणी. श्रावणात तो गेला. जाण्याआधी त्याने एकच गोष्ट दोनदा सांगितली.

“कय्यूमले सांगू नोको. त्याच्या दिलात स्टेंट टाकला हाय. मी गेलो म्हणून आयकलं तर तो खचून जाईन. तू सलाम करत राह्य.”

तो गेल्यावर पहिल्या दिवशी दीपालीने घाईत रेसवरचा उजवाच हात उचलला. गाडीने गचका खाल्ला, ती पडता पडता वाचली. कय्यूमभाऊंनी मात्र शांतपणे जोहार केला. म्हाताऱ्याला कमी दिसतं हे बरं, असं ती घरी येऊन म्हणाली.

“किती दिवस बुढ्याले फसवून राह्यशील व?” रुखमाने, तिच्या आईने, विचारलं.

“त्याच्यासाठी तरी बाबा जिवंत हायेत ना, आई.”

खरं म्हणजे दीपालीलाही ते तीन सेकंद हवे होते. दिवसभरात तेवढाच वेळ बाबा गाडीवर असायचे.

दिवाळीनंतर अकरा दिवस कय्यूमभाऊ दिसले नाहीत. रोज ती पुलावर गाडी हळू करायची, रोज वळण रिकामं. बाराव्या दिवशी पेटाऱ्याचा खडखडाट ऐकू आला. कय्यूमभाऊ बारीक झाले होते, गाडी जपून चालवत होते, थंडीमुळे मफलर नाकापर्यंत गुंडाळलेला होता. जोहारही जरा उशिराच आला. स्टेंटवाला माणूस, जपणारच. दीपाली हेल्मेटच्या आत इतकी रडली, की काच धुरकटली आणि पुढच्या गावापर्यंत तिला रस्ता नीट दिसला नाही.

थंडी गेली. धूळ वाढली, मफलर राहिलाच.

मग चंद्रपूरच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली. थैली उद्यापासून नवा डाकसेवक नेणार होता. तो कशाला सलाम करणार? आणि टपालाची थैली सलाम न करता पुढे निघून गेली, तर कय्यूमभाऊंना काय वाटेल?

“आता सांगाच लागते,” ती आईला म्हणाली. रुखमाने चारोळीची पुरचुंडी काढून दिली. कोलूने स्वतः वेचलेली ती शेवटची. ईद चार दिवसांवर होती.

दीपालीने गाडी पुलावर आडवी लावली आणि दोन्ही हात वर केले. कय्यूमभाऊंनी ब्रेक दाबला. इंजिनं बंद झाली. आवाजावरून ओळखतील म्हणून ती बोलली नाही, नुसती पुरचुंडी पुढे केली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. तेही बोलले नाहीत.

शेवटी दीपालीने हेल्मेट काढलं, ओढणी सोडली.

“चाचा, आधी बसा. घाबरू नोका.” तिने पाण्याची बाटली उघडून हातात धरली होती. “मी दीपाली, कोलूची पोरगी. बाबा श्रावणातच गेले. तुमच्या दिलाची लय काळजी होती त्याईले, म्हणून सांगितलं नाई. माफ करा मले.”

कय्यूमभाऊ कठड्यावर मटकन बसले. पुरचुंडी त्यांनी छातीशी धरली. दीपाली पाणी घेऊन धावली. त्यांनी मानेनेच नको म्हटलं, हेल्मेट उतरवलं आणि मफलरची गाठ सोडली.

लाल दाढी नव्हती. दीपालीच्याच वयाची एक मुलगी ओल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहत होती.

“मी रुबीना,” ती म्हणाली. “अब्बा दिवाळीतच गेले. म्हणत होते, कोलूभाऊचं बीपी लय वाढते, त्याले सांगू नोको.”