चिखलातलं नाव

वरात घरी आली. लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट पुढं सरकवत सासूबाई मुलाला म्हणाल्या, “अंगठीनं हिचं नवं नाव लिही. माहेरचं कमळ नको बाई. चिखलात उगवतं ते. आपल्या घराण्याला शोभत नाही.”

“मग पद्मा ठेवा,” आत्याबाई म्हणाल्या. काकूंनी नलिनी सुचवलं, नणंदेनं सरोज.

“सगळी कमळाचीच नावं,” गुरुजी हसले.

“म्हणजे सगळीच चिखलातली!” सासूबाईंनी नाक मुरडलं. “ऐश्वर्या लिही.”

नवरा ताटावर वाकला. नवरीनं पदर सारखा केला आणि विचारलं, “गुरुजी, यांच्या नावाचा अर्थ काय हो?”

गुरुजी खाकरले. “पंकज म्हणजे... चिखलात जन्मलेला.”

कुणीतरी फिसकन हसलं. सासूबाई लालबुंद झाल्या. “ते नाव आत्यानं ठेवलंय!”

“वहिनी, नाव तुम्हीच सांगितलंत,” आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. “मी फक्त कानात कुर्र केलं.”

पंकजनं अंगठी बायकोच्या हातात दिली. तिनं ठळक अक्षरात लिहिलं, कमळ.

सासूबाई गूळ आणायला म्हणून आत गेल्या, त्या पानं मांडेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.