अंगठा

डिप्लोमासाठी पन्नास तास समाजसेवा सक्तीची होती आणि पुण्याच्या इंटरनॅशनल शाळेनं सोलर दिवे वाटायला निवडलं ते नेमकं अचलपूरकडचं, मायाच्या गावाशेजारचं खेडं. स्कॉलरशिपवर शिकणाऱ्या मायानं मैत्रिणींना घरचं काही सांगितलं नव्हतं आणि आईलाही येण्याचं कळवलं नव्हतं. तरी रांगेत आई उभी! तिनं मायाच्या छातीवरचा नावाचा बिल्ला वाचला, शेजारच्या मुलींकडे पाहिलं. मायानं मान खाली घालून दिवा दिला, वही सरकवली. “मले सही येत नाई, मॅडम. अंगठा घ्या.” चौथीतल्या मायानंच तिला सही शिकवली होती, आडनावासकट. मायानं तो खरखरीत अंगठा शाईत टेकवून वहीवर दाबला. “थंडी हाये, मॅडम. कानाले बांधत जा,” म्हणत आई निघाली. बसमध्ये मायानं कानाला रुमाल बांधून समाजसेवेचा फॉर्म भरला. ‘मदत कोणाला केली?’ शाईच्या बोटांनी लिहिलं, निरक्षर महिलांना.